जुन्या मोटारीचे टच-अप रंगकाम

टच-अप रंगकाम म्हणजे मोटारीच्या रंगावरील ओरखडे, टवके आणि खडे लागून उघडे पडलेले ठिपके तेवढ्याच जागेपुरते भरून काढण्याची पद्धत होय. संपूर्ण दार किंवा बॉनेट रंगवण्याहून हे काम निराळे आहे. रंगाचा मेळ हा त्यातील दृश्य भाग असला, तरी उघड्या पत्र्याला गंजापासून वाचवणे हा त्याचा मुख्य हेतू असतो.

रंगाचे थर

आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर फॉस्फेटचा लेप, विजेच्या साहाय्याने बसवलेले प्राइमर, सरफेसर, रंगाचा बेस कोट आणि पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. त्यांची एकत्रित जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडीच अधिक असते. जुन्या अनेक मोटारींवर क्लिअर कोट नसतो. रंग आणि चकाकी एकाच थरात असतात. १९२० च्या दशकात ड्यूपाँट कंपनीने आणलेले ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर अशा एकथरी रंगांपैकी होते. भारतात फवारणीच्या रंगकामाला हे नाव अद्यापही रूढ आहे.

थर ओळखण्यासाठी पांढऱ्या कापडाला पॉलिश लावून सहज न दिसणारी जागा घासतात. कापडावर मोटारीचा रंग उतरल्यास तो एकथरी असतो. न उतरल्यास वर क्लिअर कोट असण्याची शक्यता अधिक.

रंगाचा मेळ

रंगाचा संकेतांक बहुधा बॉनेटखालील किंवा दाराच्या खांबावरील पट्टीवर असतो. मात्र हा संकेतांक मोटार कारखान्यातून बाहेर पडतानाचा रंग सांगतो, आजचा नव्हे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे रंगद्रव्ये फिकट होतात आणि एकथरी रंगावर खडूच्या पुडीसारखा थर येतो. म्हणून आधी आजूबाजूचा भाग धुऊन पॉलिश करतात व नंतरच छटा जुळवतात. इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूस मूळ छटा बहुधा टिकून असते. तिच्याशी तुलना केल्यास रंग किती विटला आहे, हे कळते. मोटार पूर्वी पुन्हा रंगवलेली असल्यास संकेतांकाचा उपयोग राहत नाही. अशा वेळी रंगाच्या दुकानात वर्णमापक यंत्राने छटा मोजून रंग तयार करता येतो.

ओला रंग आणि वाळलेला रंग यांच्या छटांत फरक पडतो. त्यामुळे नमुना पुठ्ठ्यावर लावून, पूर्ण वाळल्यावर पाहतात. ट्यूबलाइटखाली जुळलेली छटा उन्हात वेगळी दिसू शकते. म्हणून ती दिवसाच्या उजेडात तपासणे आवश्यक असते. मेटॅलिक रंगातील धातूचे सूक्ष्म कण कुंचल्याने आणि फवाऱ्याने वेगवेगळ्या दिशांनी बसतात. परिणामी, तोच रंग कुंचल्याने लावल्यास छटा निराळी भासते.

कृती

प्रथम मेण व तेलकटपणा पुसून काढतात. गंज असल्यास तो स्वच्छ पत्रा दिसेपर्यंत घासतात, कारण मागे राहिलेला गंज रंगाखालून पसरतो आणि काही काळाने वरच्या थराला फोड येतात. उघड्या पत्र्यावर प्राइमर लावून ते वाळल्यावर रंगाचे पातळ हात देतात. एकच जाड हात ओघळतो आणि आतून ओला राहतो. रंग आजूबाजूच्या पातळीहून किंचित वर आल्यावर, आवश्यक तेथे क्लिअर कोट लावतात. तो पक्का वाळल्यावर २००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने पाण्यासह हलकेच घासून पॉलिश करतात. खोल खळग्यात रंगापूर्वी पुट्टी भरावी लागते. तिला कारागीर ‘लांबी’ म्हणतात.

दक्षता

जुन्या एनॅमलवर तीव्र थिनर असलेले लॅकर लावल्यास खालचा थर सुरकुततो. म्हणून आधी लपलेल्या जागी चाचणी घेतात. दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते, त्यामुळे पावसाळ्यात हे काम टाळणे इष्ट. मात्र कोकण व गोव्याच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा लवकर गंजतो. तेथे छटा जुळेपर्यंत थांबण्यापेक्षा कोरडा दिवस पाहून निदान प्राइमर लावून ठेवणे हिताचे असते. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा न घासता ओला घासतात. दोन घटकांच्या रंगातील आयसोसायनेट श्वसनास घातक असल्याने त्याची फवारणी योग्य श्वसनसंरक्षक साधनांशिवाय करू नये.

मर्यादा

जवळून पाहिल्यास टच-अपची खूण बहुधा दिसतेच. क्लिअर कोटचे पापुद्रे सुटले असतील किंवा गंजाने पत्र्याला भोक पडले असेल, तर हा उपाय पुरत नाही. तेथे पत्र्याची दुरुस्ती करून तो संपूर्ण भाग रंगवावा लागतो.