बाणांसाठी टर्कीची पिसे : निवड व साठवण

मलंगगडाच्या पायथ्यापासून उल्हास नदीच्या काठापर्यंत पसरलेल्या अंबरनाथ-बदलापूर परिसरातील ठाकूर व कातकरी पाड्यांना तिरकमठा नवा नाही. शिकारीचे दिवस मात्र आता सरले आहेत. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वये वन्य पशुपक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. सबब आज बाण सोडावयाचा तो पेंढ्याच्या लक्ष्यावर, सरावासाठी व खेळासाठी. बांबूच्या धनुष्याने खेळावयाच्या ‘इंडियन राउंड’ या तिरंदाजीच्या प्रकारामुळे खेड्यातील मुलांना घरगुती बाणांचा चांगला उपयोग होतो. अशा बाणाचा नेम बऱ्याच अंशी त्याच्या पिसांवर अवलंबून असतो.

पिसे कशासाठी?

बाण सुटल्यावर त्याच्या मागील टोकाशी असलेली पिसे हवेला अडतात. त्यामुळे शेपूट मागेच राहते व टोक पुढे जाते. पिसांच्या नैसर्गिक वळणामुळे बाणास फिरकीही मिळते व तो सरळ जातो. वेडीवाकडी पिसे लावलेला बाण डगमगतो, बाजूस जातो व जवळ उभ्या असलेल्या मुलास इजा करू शकतो.

महाभारतात बाणांना ‘कंकपत्र’, ‘गार्ध्रपत्र’ अशी विशेषणे आहेत, म्हणजे त्या काळी वन्य पक्ष्यांची, गिधाडांचीही पिसे वापरीत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळे गिधाडे झपाट्याने घटली व २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. यापुढे पिसे पाळीव पक्ष्यांचीच घ्यावीत. ब्रॉयलर कोंबडी सुमारे सहा आठवड्यांतच विकली जात असल्याने तिची पिसे लहान व मऊ राहतात. टर्कीच्या पंखाची पिसे लांब, रुंद व ताठ असल्याने ती या कामास उत्तम होत.

निवड कशी करावी?

टर्कीच्या प्रत्येक पंखाच्या टोकाकडे दहा मोठी पिसे असतात. त्यांतील अगदी बाहेरची एकदोन अरुंद असतात, ती सोडून मधली घ्यावीत. एका बाणास तीन पिसे लागतात. एका पंखातून सहा चांगली पिसे मिळाली तर दोन बाण, व दोन्ही पंखांतून चार बाण होतात.

सर्वांत महत्त्वाचा नियम हा की, एका बाणाची तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखाची असावीत. डाव्या व उजव्या पंखांच्या पिसांची वळणे परस्परविरुद्ध असतात. ती एकत्र लावल्यास एक पीस बाणास एकीकडे फिरविते, तर दुसरे उलट दिशेस. ओळखण्याची रीत सोपी आहे. पिसाची वरची, फुगीर बाजू वर ठेवून देठ आपल्याकडे व टोक समोर धरावे. रुंद पाते उजव्या हाताकडे आले तर पीस उजव्या पंखाचे, डाव्या हाताकडे आले तर डाव्या पंखाचे. बाणास हे रुंद पातेच लावावे.

पुढील पिसे टाकून द्यावीत : देठ काळसर व ओला असलेली अर्धवट वाढलेली पिसे, पात्यावर आडव्या फिकट रेषा असलेली पिसे, कारण ती वाढताना पक्षी उपाशी वा आजारी असल्याने तेथेच मोडतात, आणि बोटाने सारखी करूनही तंतू न जुळणारी जुनी पिसे.

जिवंत पक्ष्याची पिसे उपटू नयेत. गळलेली, अथवा मांसासाठी कापलेल्या निरोगी पक्ष्याची पिसे पुरेशी होतात. पक्षी उडून जाऊ नयेत म्हणून एका पंखाची पूर्ण वाढलेली पिसे कापण्याची पद्धत आहे. ती कापलेली पिसेही जपून ठेवावीत. ती एकाच बाजूची असल्याने निवडण्याचे श्रम वाचतात.

आजाराने मेलेल्या पक्ष्याची पिसे मात्र कदापि घेऊ नयेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातीलच शहापूर तालुक्यात वेहळोली येथे बर्ड फ्ल्यूची लागण झाली होती. पक्षी अकस्मात मरू लागल्यास त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे.

साठवण

या भागात पिसांचे शत्रू दोन : पावसाळ्यातील दमट हवा व कसर. उन्हाळ्यात गोणीत भरून ठेवलेली पिसे दसऱ्यास काढावीत, तो तळाशी नुसता भुगा उरलेला दिसतो.

पिसे कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून हलक्या हाताने धुवावीत. धुण्याचा सोडा वापरू नये. त्याने पिसावरील नैसर्गिक तेल जाते. काम करताना तोंडास फडके बांधावे व नंतर हात धुवावेत. पिसे सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवावीत. हे काम मृग नक्षत्रापूर्वी उरकावे.

नंतर डाव्या व उजव्या पिसांच्या निरनिराळ्या पुड्या बांधून त्यांवर तसे लिहावे. पुड्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात आडव्या ठेवाव्यात. डब्यात फडक्यात बांधलेल्या डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात. या गोळ्या विषारी असल्याने डबा मुलांच्या हाती लागू देऊ नये. कडुनिंबाचा वाळलेला पाला घातल्यास कसर दूर राहण्यास मदत होते. पण आधीच लागलेली कसर त्याने मरत नाही. उल्हासनगर, बदलापूरसारख्या शहरांत ज्यांच्याकडे डीप फ्रीझर आहे त्यांनी पुड्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आठवडाभर त्यात ठेवाव्यात, दोन दिवस बाहेर काढाव्यात व पुन्हा आठवडाभर ठेवाव्यात. कसरीची अंडी व अळ्या याने मरतात.

डबा चुलीच्या थेट वर टांगू नये. अति उष्णतेने पिसे ठिसूळ होतात. कोरड्या माळ्यावर तो ठेवावा व पावसाळ्यात दर पंधरवड्यास उघडून पाहावा. भुगा, जाळी किंवा अळीची कात दिसल्यास ती पुडी लगेच वेगळी करावी. दबून वाकलेले पीस किटलीच्या वाफेवर काही क्षण धरल्यास पूर्ववत होते.

टर्की पाळणाऱ्याच्या उकिरड्यावर जाणारी पिसे पाड्यावरील मुलांच्या बाणांस लागली, तर एकाचा कचरा कमी होईल व दुसऱ्याचा पैसा वाचेल. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या दोघांची गाठ पावसाळ्यापूर्वीच घालून द्यावी.