मानेला वजन लावण्यापूर्वी

मान दुखते. वळवू म्हटले तर वळत नाही. रात्री कूस बदलवत नाही. मग कोणी सांगतो, "उशी काढून टाका." कोणी सांगतो, "वजन लावून घ्या." हे वजन लावणे म्हणजे काय, ते आज आपण पाहू.

आपल्या मानेत ७ मणके असतात. बहुतेक मणक्यांमध्ये गादीसारखी एक चकती असते. आपले डोके ४ ते ५ किलो भरते. एवढा भार मान दिवसभर तोलून धरते. त्यावर आपण घागरी घेतो, पोती घेतो. वय वाढते तशा चकत्या झिजतात. मणक्यांच्या फटींतून शिरा हाताकडे जातात. फट अरुंद झाली की शीर दाबली जाते. मग कळ दंडात उतरते, बोटांना मुंग्या येतात.

वजन लावले की डोके हळूच वर ओढले जाते. फटी किंचित मोकळ्या होतात. आखडलेले स्नायू सैल पडतात. काहींना त्याने आराम पडतो. पण सगळ्यांनाच गुण येतो असे नाही. आणि झिजलेली चकती काही नवी होत नाही.

घरचे साधन साधे असते. दारावर कप्पी अडकवतात. दोरीच्या एका टोकाला हनुवटी व डोके धरणारा पट्टा असतो. दुसऱ्या टोकाला पाण्याची पिशवी असते. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन. दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसायचे. मान जराशी पुढे झुकलेली ठेवायची. वजन किती आणि वेळ किती, ते डॉक्टर ठरवतील. बहुधा १० ते १५ मिनिटे पुरतात. वजन हळूहळू चढवावे, हळूहळू उतरवावे. ते दार कोणी उघडणार नाही असे पाहावे. जवळ माणूस असावे. पट्टा लावून झोपू नये. कळ वाढली, चक्कर आली, जबडा दुखला, तर लगेच थांबावे.

आता मुख्य गोष्ट. आपल्या मनाने दोरीला विटा बांधू नका. पडल्यामुळे मान दुखत असेल, हाडे ठिसूळ असतील, संधिवात असेल, मणक्याला क्षय किंवा गाठ असेल, तर वजनाने मोठा अपाय होतो. माणूस लुळा पडू शकतो. म्हणून आधी तपासणी हवी. केस कापताना कडकन मान मोडून घेणेही धोक्याचे आहे.

हातापायांतली शक्ती कमी झाली, चाल अडखळू लागली, लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मानदुखीबरोबर रोज ताप येत असेल आणि अंग वाळत असेल, तरी थांबू नका.

एरवी घाबरायचे कारण नाही. साधी मानदुखी बहुधा काही आठवड्यांत कमी होते. शेक घ्यावा. डॉक्टर दाखवतील तो हलका व्यायाम करावा. ओझे दोन खेपांत न्यावे. एक खेप वाढेल, पण मान वाचेल.