जाळ्यावरील प्रिंटरची राखण

शाळेच्या कचेरीतील प्रिंटर म्हणजे निव्वळ छपाईचे यंत्र, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः जाळ्याला जोडलेला प्रिंटर हा एक लहानसा संगणकच होय. त्याला स्वतःचा पत्ता व स्मृती असते. आणि राखण नसेल, तर दाराशी येणाऱ्या कोणाचेही काम तो निमूटपणे करतो. सन २०१८ च्या नोव्हेंबरात जगभरच्या हजारो प्रिंटरांतून कोणीही न मागितलेले कागद बाहेर पडले. कारण त्यांचे छपाईचे ९१०० क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटवर उघडे होते. ज्या यंत्रातून प्रश्नपत्रिका व विद्यार्थ्यांची माहिती जाते, त्याविषयी अशी बेफिकिरी परवडणारी नाही.

याकरिता मुख्याध्यापकांनी पुढील क्रम अनुसरावा. प्रथम प्रिंटरचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये लिहून त्याचे व्यवस्थापनाचे पान उघडावे व कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. नंतर टेलनेट, एफटीपी यांसारख्या न लागणाऱ्या सेवा बंद कराव्यात. सोय असल्यास शाळेतील संगणकांच्याच पत्त्यांना छपाईची मुभा द्यावी; राउटरवर प्रिंटरकडे येणारी बाहेरची वाट मुळीच उघडू नये. फर्मवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे. गोपनीय कागद पिन टाकल्यावरच छापला जाईल, अशी योजना यंत्रात असल्यास ती वापरावी. यंत्र निकालात काढताना त्यातील साठवण पुसून टाकावी.

प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली आपण ज्या दक्षतेने सांभाळतो, तीच दक्षता या पासवर्डाच्या बाबतीतही बाळगली पाहिजे.