मॉन्टगोमेरीचे एक वर्ष

मॉन्टगोमेरी ही अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्याची राजधानी. या मध्यम आकाराच्या शहरातील बसमध्ये १९५५ साली पुढील आसने गोऱ्यांसाठी राखीव असत. ती भरली, की मधल्या रांगांतील कृष्णवर्णीयांनाही उठावे लागे. १ डिसेंबर १९५५ रोजी शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स यांनी उठण्यास नकार दिला. त्यांना अटक झाली.

५ डिसेंबरपासून कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. बसच्या प्रवाशांत सुमारे तीन चतुर्थांश तेच होते. त्यामुळे बस कंपनीचे उत्पन्न घटले. मात्र कामावर जाणे कोणालाच टळणारे नव्हते. मोलकरणी आणि मजूर उन्हापावसात मैलोन्‌मैल पायी चालले. ज्यांच्याकडे मोटारी होत्या, त्यांनी त्या इतरांसाठी खुल्या केल्या. सुमारे ३०० मोटारी ठरावीक थांब्यांवरून लोकांची ने-आण करू लागल्या.

चळवळीचे नेतृत्व २६ वर्षांच्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे आले. महात्मा गांधींचा अहिंसेचा मार्ग त्यांनी आदर्श मानला. जानेवारी १९५६ मध्ये त्यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला, तेव्हा संतापून जमलेल्या लोकांना त्यांनी शांतपणे घरी परत पाठवले.

दरम्यान, काही कृष्णवर्णीय स्त्रियांनी न्यायालयात दाद मागितली होती. नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निकाल कायम केला. बहिष्कार ३८१ दिवस चालला. २१ डिसेंबर १९५६ रोजी लोक पुन्हा बसमध्ये चढले आणि हव्या त्या आसनावर बसले. कायदा न्यायालयाने बदलला. परंतु तोवर चळवळ जिवंत ठेवली, ती रोज पायी कामावर जाणाऱ्या सामान्य माणसांनी.