अस्थिलेखांपासून कागदापर्यंत : प्राचीन चीनमधील आरंभीची राजघराणी

प्राचीन चीनचे नाव घेतले की आपल्या वाचकांना प्रथम आठवतात ते भिक्खू फाहियान आणि ह्युएनत्संग. फाहियान इ.स. 399 मध्ये चांगआनहून भारताकडे निघाले. ह्युएनत्संग सातव्या शतकात थेट महाराष्ट्रापर्यंत येऊन गेले. त्यांच्या प्रवासवर्णनांचा आपण भारताच्या इतिहासासाठी उपयोग करतो. मात्र पाहिलेले लिहून ठेवण्याची ही सवय त्यांना कोठून लाभली, याचा विचार क्वचितच होतो. फाहियान निघाले तेव्हा त्यांच्या देशातील अखंड लेखनपरंपरेला सोळा शतके होऊन गेली होती. या परंपरेचा उगम आणि तिला आकार देणारी राजघराणी यांचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चिनी परंपरा पहिले राजघराणे म्हणून श्या घराण्याचे नाव घेते आणि महापुराला आवर घालणारा यू हा त्याचा संस्थापक मानते. हनान प्रांतातील अर्लितौ येथे 1959 पासून सापडलेले प्रासादांचे पाये व कांस्यपात्रे याच घराण्याची, असे अनेक चिनी पुरातत्त्वज्ञ म्हणतात. परंतु त्या घराण्याचे नाव असलेला एकही समकालीन लेख तेथे मिळालेला नाही. लेखाचा पुरावा मिळेपर्यंत श्या घराण्याला परंपरेच्या कक्षेतच ठेवणे योग्य होय.

त्यानंतरच्या शांग घराण्याची स्थिती पूर्णपणे वेगळी आहे. शतकभरापूर्वी शांग राजांनाही अनेक विद्वान दंतकथेत जमा करीत असत. 1899 मध्ये वांग यीरोंग या विद्वान अधिकाऱ्याच्या ध्यानात आले की, औषधी दुकानांत 'ड्रॅगनची हाडे' म्हणून विकल्या जाणाऱ्या तुकड्यांवर प्राचीन अक्षरे कोरलेली आहेत. शोध घेता घेता अभ्यासक हनानमधील आन्यांगपाशी पोहोचले आणि 1928 पासून तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू झाले. ही शांगांची अखेरची राजधानी होती. आजवर असे सुमारे दीड लाख तुकडे उपलब्ध झाले असून त्यांवर साडेचार हजारांच्या आसपास भिन्न अक्षरे आढळतात. त्यांपैकी साधारण एक तृतीयांश अक्षरांचाच अर्थ निश्चित झाला आहे.

हे लेख म्हणजे राजाने पूर्वजांना विचारलेले प्रश्न होत. कासवाच्या पोटाकडील कवचाला किंवा बैलाच्या खांद्याच्या हाडाला मागून खाचा पाडून उष्णता देत. पुढच्या बाजूस तडे जात. त्या तड्यांवरून कौल ठरे आणि प्रश्न तेथेच कोरून ठेवला जाई. पाऊस पडेल काय, पीक येईल काय, स्वारी करावी काय, राजाचा दात कोणत्या पूर्वजाच्या कोपामुळे दुखतो, असे हे प्रश्न. इ.स.पू. सुमारे 1200 मधील वू डिंग राजाची राणी फू हाओ हिच्या बाळंतपणाविषयीचा एक लेख विख्यात आहे. राजाने शुभ दिवस सांगितले. एकतीस दिवसांनी प्रसूती झाली. आणि लेखनिकाने नोंदविले की फळ चांगले नाही, मुलगी झाली. हीच फू हाओ तेरा हजारांच्या सैन्याचे नेतृत्व करीत होती, हेही अस्थिलेखच सांगतात! तिची न लुटली गेलेली कबर 1976 मध्ये उघडण्यात आली. तीत चारशेहून अधिक कांस्यवस्तू, सातशेहून अधिक जेडच्या वस्तू आणि सुमारे सात हजार कवड्या मिळाल्या. तिच्यासोबत बळी देऊन पुरलेल्या सोळा माणसांचे सांगाडेही मिळाले. अस्थिलेखांत तर च्यांग नावाच्या पश्चिमेकडील लोकांच्या बंदिवानांचे बळी पशूंच्या बळींबरोबरच मोजलेले आढळतात. कांस्यकलेच्या वैभवाचे वर्णन करणारी अनेक पुस्तके या नोंदी ओझरत्या उल्लेखावर उरकतात. ते इतिहासाला धरून नाही.

1917 मध्ये वांग ग्वोवेई यांनी अस्थिलेखांतील राजांची नावे इतिहासकार सिमा छ्येन याने दिलेल्या शांग वंशावळीशी ताडून पाहिली. सिमा छ्येन शांगांनंतर हजार वर्षांनी होऊन गेला, तरीही त्याची यादी थोड्या दुरुस्त्या वगळता खरी ठरली. एवढा काळ ती टिकली, याचा अर्थ हाडांखेरीज लेखनाची अन्य साधनेही असली पाहिजेत. 'पुस्तक' या अर्थाचे शांगकालीन अक्षर दोरीने बांधलेल्या पट्ट्यांच्या आकाराचे आहे. बांबूच्या त्या पट्ट्या मात्र कुजून गेल्या.

इ.स.पू. 1046 च्या सुमारास पश्चिमेकडील झौ लोकांनी शांगांचा पराभव केला आणि त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. शांग राजे दैवी पूर्वजांच्या आधारे राज्य करीत होते. मग त्यांना पदच्युत करण्याचा अधिकार झौंना कोणी दिला? 'स्वर्गाची आज्ञा' ही कल्पना त्याचे उत्तर म्हणून पुढे आली. स्वर्ग राज्य देतो ते सदाचाराच्या अटीवर. राजा दुराचारी झाला की आज्ञा काढून घेतली जाते. विजेत्यांनी आपल्या सोयीसाठी मांडलेला हा सिद्धान्त पुढे विजेत्यांच्याच वंशजांना बांधणारा ठरला. इ.स.पू. चौथ्या शतकातील मेन्शियसने तर त्यावरून स्पष्टच म्हटले की, जुलमी राजाला मारणे म्हणजे राजहत्या नव्हे.

दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्ताशी परिचित असलेल्या वाचकास येथे महासम्मताची आठवण होणे स्वाभाविक आहे. राजपद सशर्त आहे, हा विचार दोहोंकडे दिसतो; तरी दोन्ही कल्पना एक नव्हेत. झौ विचारात राजाला नेमणारा स्वर्ग आहे, लोकांचा असंतोष हे स्वर्गाच्या नाराजीचे चिन्ह. सुत्तात मात्र शेतांची वाटणी होऊन चोरी सुरू झाल्यावर लोक एकत्र येतात, आपल्यातीलच एकास निवडतात आणि त्याच्या कामाबद्दल त्याला भाताचा वाटा देतात. तेथे स्वर्गाचे काम नाही.

इ.स.पू. 771 मध्ये झौंची पश्चिम राजधानी पडली आणि पुढील पाच शतके लहानमोठी राज्ये परस्परांशी लढत राहिली. याच अशांत काळात कन्फ्यूशियस (इ.स.पू. 551 ते 479) झाला, आक्रमक युद्धाचा निषेध करून सर्वांवर समान प्रेम करावे असे सांगणारा मो त्झ झाला, ताओ विचाराचे ग्रंथ रचले गेले. भगवान बुद्धांच्या परिनिर्वाणाच्या सालाविषयी मतभेद असले, तरी दोन्ही देशांतील हे विचारमंथन स्थूलमानाने समकालीन आहे, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

इ.स.पू. 221 मध्ये छिन राज्याने इतर सर्व राज्ये जिंकली आणि त्याच्या राजाने 'शि ह्वांगदी', म्हणजे पहिला सम्राट, ही पदवी घेतली. त्याने लिपी, वजने-मापे, नाणी, इतकेच नव्हे तर गाड्यांच्या चाकांमधील अंतरही एकसारखे केले. अशोकाच्या मृत्यूनंतर जेमतेम एक दशक उलटले होते. दोघांनीही शिलालेख कोरविले. अशोकाचे लेख ब्राह्मी, खरोष्ठी, ग्रीक आणि अरेमाइक अशा त्या त्या प्रदेशाच्या लिपींत आहेत, आणि कलिंगयुद्धाचा पश्चात्ताप ते उघडपणे सांगतात. शि ह्वांगदीचे लेख एकाच सक्तीच्या लिपीत त्याच्या विजयांची स्तुती करतात. इ.स.पू. 213 मध्ये त्याने लोकांकडील काव्ये, राजनीतीचे ग्रंथ आणि अन्य राज्यांचे इतिहास जाळण्याचा हुकूम दिला. वैद्यक, शकुन व शेती यांवरील ग्रंथ तेवढे वगळले. 1974 मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेली त्याच्या कबरीजवळची मातीची सेना आज जगप्रसिद्ध आहे. त्याचे साम्राज्य मात्र त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांच्या आत संपले.

पुढच्या हान घराण्याचा (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) संस्थापक लिऊ बांग शेतकरी कुटुंबात जन्मला होता आणि गावपातळीवरचा एक किरकोळ अधिकारी होता. हान काळातील पहिले मोठे कार्य जळालेल्या ग्रंथांच्या पुनरुद्धाराचे. फू शंग नावाच्या वृद्ध पंडिताने 'दस्तऐवजांचा ग्रंथ' भिंतीत लपविला होता. त्यातून वाचलेली 29 प्रकरणे त्याने शिष्यांना शिकविली. सिमा छ्येनने राजाच्या रोषामुळे पुरुषत्वच्छेदाची शिक्षा भोगूनही आपला 130 प्रकरणांचा इतिहास पूर्ण केला. इ.स.पू. 26 पासून लिऊ श्यांगने राजग्रंथालयातील ग्रंथांच्या प्रती ताडून, पाठ निश्चित करून त्यांची सूची आरंभिली. इ.स. 105 मध्ये त्साय लुनने झाडाची साल, ताग, चिंध्या आणि जुनी मासेमारीची जाळी यांपासून केलेला कागद दरबारास सादर केला. त्याहून जुने कागदाचे तुकडेही उत्खननांत मिळाले आहेत. त्याचे श्रेय सुधारणेचे आहे.

याच काळात भारताची वार्ता चीनला पोहोचली. इ.स.पू. 138 मध्ये पश्चिमेकडे पाठविलेला राजदूत चांग छ्येन याला बॅक्ट्रियाच्या बाजारात नैऋत्य चीनमधील बांबू आणि कापड दिसले. ते 'शेन्दू' देशातून, म्हणजे सिंधूच्या प्रदेशातून येते, असे व्यापाऱ्यांनी सांगितले. इ.स. 65 च्या एका राजाज्ञेत बुद्धपूजेचा व भिक्खूंचा उल्लेख येतो. इ.स. 148 मध्ये पार्थियाचे आन शिकाओ लोयांगला आले आणि सुत्तांची भाषांतरे करू लागले. इ.स. 374 मध्ये भिक्खू ताओ-आन यांनी भाषांतरकार, काळ आणि खरे-खोटेपणा तपासून बौद्ध ग्रंथांची सूची केली, ती लिऊ श्यांगने घालून दिलेल्या वाटेनेच.

इ.स. 413 मध्ये चांगआन येथे बुद्धयशस् यांनी दीर्घागम मुखोद्गत म्हटला आणि चू फोन्येन यांनी तो चिनीत उतरविला. त्याचे मूळ आज भारतात नाही. चिनी पाठ संपूर्ण आहे. त्यातील पाचवे सूत्र म्हणजे आपले अग्गञ्ञसुत्त. ब्राह्मणकुळातून आलेले वासेट्ठ आणि भारद्वाज, जन्मश्रेष्ठतेच्या दाव्याचे बुद्धांनी केलेले खंडन, लोकांनी निवडलेला राजा, हे सारे त्यात आहे. चार वर्णांची नावे लिहिताना मात्र भाषांतरकारांची अडचण झालेली दिसते. वैश्यासाठी त्यांनी 'गृहस्थ' या अर्थाचा चिनी शब्द वापरला. क्षत्रिय, ब्राह्मण आणि शूद्र हे शब्द त्यांनी केवळ उच्चारावरून, चिनी अक्षरांत जसेच्या तसे लिहिले आहेत.