स्पीकर घेताय? आधी तंबोरा ऐका!

दुकानात शिरलं की पहिली पाच मिनिटं काय ऐकवतात? सिनेमातला स्फोट, नाहीतर दणदणीत ठेक्याचं गाणं. काचा थरथरतात, छातीत धडधडतं, गिऱ्हाईक खूश. पण घरी येऊन मल्लिकार्जुन मन्सूर किंवा किशोरी आमोणकर ऐकायच्या असतील, तर त्या दणक्याशी आपला फारसा संबंध नाही. ख्याल, ठुमरी, सतार, बासरी ऐकणाऱ्याची गरज निराळी आहे, आणि आनंदाची गोष्ट अशी की ती कमी पैशांत भागते. कशी, ते या गमतीजमती वाचून कळेल.

आपला खर्ज स्वस्त पडतो

मोठ्या चर्चमधल्या ऑर्गनची ३२ फुटी नळी सुमारे १६ हर्ट्झचा स्वर काढते. पियानोची सर्वांत डावी पट्टी २७.५ हर्ट्झची. हे सगळं घरी हुबेहूब हवं तर मोठे डबे लागतात आणि मोठी रक्कमही. आपल्याकडे पाहा. गवई काळी एक पट्टीत गात असेल तर त्याचा मध्य सप्तकातला सा १३९ हर्ट्झच्या आसपास, आणि तंबोऱ्याच्या खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९वर. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा खर्ज तर १०४च्या घरात. पाच-साडेपाच इंची वूफरचा (खालचे स्वर काढणाऱ्या भोंग्याचा) साधा, चांगला डबा ५५-६० हर्ट्झपर्यंत उतरतो. त्याच्याखालच्या दोन सप्तकांचे पैसे मोजायचं आपल्याला कारणच नाही. सबवूफरचा विचार बाजूला ठेवा आणि ती रक्कम दोन चांगल्या डब्यांवर घाला.

मोबाइलमधला खर्ज कुठून येतो?

मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला ६९ हर्ट्झ काढणं शक्यच नाही. तरी मोबाइलवर तंबोरा लावला की खर्ज 'ऐकू' येतो. ही करामत आपल्या मेंदूची. १३८, २०७, २७६ अशी वरची स्वरांशांची, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतल्या स्वरांची, रांग कानावर पडली की खालचा गैरहजर मूळ स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. म्हणूनच छोट्या स्पीकरचा खालचा आवाज थोडा कमी पडला तरी राग बिघडत नाही. वरची रांग मात्र स्वच्छ हवी. ती गढूळ असेल तर मेंदूचाही इलाज चालत नाही.

रामन यांचा तंबोरा

प्रकाशाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवणारे सी. व्ही. रामन त्याआधी वाद्यांच्या मागे लागले होते. १९२१च्या सुमारास त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्याबद्दल एक विलक्षण निरीक्षण नोंदवलं. तारेच्या कंपनाचा जुना नियम सांगतो की तार जिथे छेडावी, तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू असेल तो स्वरांश ऐकू येऊ नये. तंबोरा हा नियम पाळत नाही! घोडीचा रुंद, किंचित वळणदार माथा आणि त्यावर तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा यांमुळे तार घोडीला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि वरचे स्वरांश एकामागून एक उमलत जातात. हीच जवारी. मिरजेतले कारागीर ती कानाने, हळूहळू घासून काढतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता स्पीकरशी याचा संबंध. जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. तो त्या तारेचा पाचवा स्वरांश: ६९च्या खर्जातून सुमारे ३४७ हर्ट्झचा. जवारीची झळाळी तर काही हजार हर्ट्झपर्यंत पसरलेली असते. म्हणजे हे एकच वाद्य वूफरच्या तळापासून ट्वीटरच्या टोकापर्यंत सगळं तपासून देतं, तेही सलग, न थांबता. माझ्या मते स्पीकरच्या परीक्षेसाठी याहून चांगलं साधन जगात नाही. दुकानात नुसता तंबोरा लावा. गंधार सहज ऐकू आला, खर्ज-जोडाच्या तारा वेगळ्या कळल्या आणि दहा मिनिटांनीही कान थकले नाहीत, तर तो डबा घरी न्यायच्या लायकीचा आहे. नुसतीच झिणझिण ऐकू आली तर पुढच्या डब्याकडे वळा.

एका गळ्याची दोन घरं

दोन भोंग्यांच्या डब्यात खालचे स्वर वूफरकडे आणि वरचे ट्वीटरकडे जातात. ही वाटणी बहुधा दोन ते तीन हजार हर्ट्झच्या दरम्यान होते. आणि माणसाचा कान सर्वांत तिखट कुठे असतो? साधारण दोन ते पाच हजारांत! म्हणजे सांधा नेमका तिथेच, जिथे कान बारीकसारीक चूक पकडतो. गळ्याचा गाभा वूफरमध्ये, शब्दाची धार आणि आवाजाचं तेज ट्वीटरमध्ये. सांधा नीट नसेल तर तार सप्तकात गेलेली गायिका अचानक पुढे आल्यासारखी वाटते, 'स' आणि 'श' टोचतात. स्वस्त डबे सर्वांत जास्त इथेच घसरतात. तपासायची युक्ती सोपी आहे: मंद्रापासून तार सप्तकापर्यंत जाणारी सपाट तान लावा आणि आवाज एकाच माणसाचा राहतो का ते ऐका.

डोळे मिटले की किंमत उतरते

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच स्पीकर, तेच श्रोते. एकदा डबे पडद्याआड, एकदा डोळ्यांसमोर. पडद्याआड असताना ज्या छोट्या, स्वस्त संचाला बरे गुण मिळाले होते, तो दिसताच त्याचे गुण घसरले आणि मोठ्या, देखण्या डब्यांचे वाढले. ऐकणारे ध्वनीच्याच धंद्यातले होते. तेव्हा खरेदीला कुणाला तरी सोबत न्या, डोळे मिटून बसा आणि डबे त्यांना बदलायला सांगा.

आणखी एक सापळा: दोन स्पीकरांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो, तो कानाला 'चांगला' वाटतो. आवाज समान करून घेतल्याशिवाय निकाल देऊ नका.

टूल यांच्या कामातून निघालेली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. दोष पकडायचे असतील तर एकच स्पीकर वाजवा. दोन वाजले की आवाजाच्या फैलावात उणिवा लपतात. आपल्यासाठी तर हे दुप्पट खरं आहे, कारण जुन्या ध्वनिमुद्रणांचा प्रचंड खजिना मोनोच आहे. १९३७मध्ये वारलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांना डावं-उजवं कुठून असणार? घरी दोन स्पीकर मांडल्यावर मात्र हीच मोनो मुद्रणं कामाला येतात: आवाज बरोबर मधोमध, हवेत उभा राहिला पाहिजे. तो पसरट, दिशाहीन वाटला आणि डग्गा गायब झाला, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट लागल्या आहेत. अदलाबदल करा, फुकटात दुरुस्ती.

वॉटचा बागुलबुवा

खोक्यावर हजारो वॉट 'पीएमपीओ' लिहिलेलं दिसलं तर तो आकडा वाचूच नका. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सलग मिळणाऱ्या ताकदीचा आकडा, आणि त्याहून महत्त्वाची संवेदनशीलता: एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. ८७ डेसिबलच्या स्पीकरवर मैफलीइतका सुखद आवाज काढायला सरासरी एक वॉटही लागत नाही. तबल्याच्या जोरकस थापेला क्षणभर त्याच्या कितीतरी पट लागतात, म्हणून ३०-४० वॉटांचा अ‍ॅम्प घ्या. आणि हिशेब लक्षात ठेवा: दर तीन डेसिबलला वॉट दुप्पट. ८४ डेसिबलच्या डब्याला जिथे ४० वॉट लागतात, तिथे ९०च्या डब्याला १० पुरतात.

वायरीवर पैसे उधळू नका. दीड एमएमची तांब्याची साधी वायर घरातल्या अंतराला भरपूर झाली.

दहा बाय बाराची खोली

खोली हे तिसरं वाद्य आहे आणि ते आपल्याकडे आधीपासून असतं. दहा फुटी भिंतींमध्ये ५६ हर्ट्झची लाट उभी राहते, बारा फुटींमध्ये ४७ची, आणि दोन्हींच्या मेळातून ७३च्या आसपास आणखी एक. हे शेवटचं आपल्या ६९च्या खर्जाला जवळजवळ चिकटलेलं! म्हणून अनेक घरांत डग्गा घुमण्याऐवजी फुगतो. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर हा फुगवटा आणखी वाढवतो. चौरस खोली सर्वांत त्रासाची, कारण दोन्ही लाटा एकाच जागी येतात. उपाय: डबे कोपऱ्यातून काढा, दोघांतलं अंतर आणि त्यांच्यापासून आपलं अंतर सारखं ठेवा, आणि आपली बैठक मागच्या भिंतीला टेकवू नका. पाठीमागे भोक असलेला डबा भिंतीपासून फूटभर तरी पुढे हवा. जागाच नसेल तर बंद डबा किंवा पुढून भोक असलेला घ्या.

ट्वीटर कानाच्या उंचीवर यावा, हे सगळे सांगतात. पण कान कुठे आहे, हे आपण ठरवायचं. खुर्चीत बसलं तर साडेतीन फुटांवर, गादीवर मांडी घालून बसलं तर अडीच फुटांच्या आसपास. खाली बसून ऐकणाऱ्या घरात उंच स्टँडची गरजच नाही; भक्कम, बुटकं स्टूल चालतं. टाइल्सची फरशी आणि उघड्या भिंती यांनी आवाज करकरीत होतो. मधल्या फरशीवर जाड सतरंजी, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट, खिडकीला जाड पडदा एवढ्यानं जो फरक पडतो, तो स्पीकरवर दुप्पट पैसे घालूनही पडेल असं नाही.

दरबारी आणि शेजारी

रात्रीचे राग रात्री ऐकावेत, आणि रात्री आवाज हळू ठेवावा लागतो. हळू आवाजात कानाला खालचे स्वर मधल्यांपेक्षा फार कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये याचे आलेखच काढले. मंद्रात रमणाऱ्या दरबारीची यात पंचाईत होते. म्हणून जुन्या अ‍ॅम्पवर 'लाउडनेस'चं बटण असे. नव्यावर नसेल तर रात्रीपुरता बास थोडा वाढवा, यात कमीपणा काही नाही.

व्हॅनमधला छोटा डबा

छोट्या डब्यांना कमी लेखू नका. एडगर व्हिलचर यांनी १९५४मध्ये हवाबंद डब्यातली हवाच स्प्रिंगसारखी वापरून छोट्या आकारातून खोल आवाज काढला. त्यांच्या कंपनीने पुढे फाइन आर्ट्स क्वार्टेट या वादकांच्या चौकडीला मंचावर बसवून प्रात्यक्षिकं केली. वादक मध्येच नुसता आव आणत आणि आवाज स्पीकरमधून येई, ते श्रोत्यांना ओळखता येत नसे. बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या व्हॅनसाठी फूटभर उंचीचा एलएस३/५ए बनवला. त्याची ख्याती माणसाच्या आवाजासाठी झाली आणि तो घराघरांतल्या दिवाणखान्यांत पोहोचला. गळ्याचं संगीत ऐकणाऱ्याने या घराण्याकडे जरूर पाहावं.

जुन्या बाजारात

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली इथे विचारपूस करा, जुने डबेही शोधा. जुन्यात पहिली नजर वूफरच्या कडेवर. कडा फोमची असेल तर आपल्या दमट हवेत ती भुगा होते. रबराची दीर्घकाळ टिकते. वूफर बोटांनी समतोल, हलकेच आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइल घासतंय, तो घेऊ नका. ट्वीटरला हात लावू नका, फक्त कान जवळ नेऊन तो वाजतो का ते ऐका. कित्येकदा तो जळालेला असतो आणि वूफरच्या आवाजात ते लक्षात येत नाही. यासाठी संतूर लावा, 'कॉल ऑफ द व्हॅली'मधलं शिवकुमार शर्मांचं चालेल. तारेवर कलम पडल्याची बारीक टकटक ऐकू आली नाही, तर ट्वीटर गेलेला आहे. मग विक्रेत्याला त्या मॉडेलचा ट्वीटर अजून मिळतो का ते विचारा आणि त्याची किंमत वजा करूनच भाव बोला.