आडवी पेठ, उभा प्रश्न

पुण्यात सातही वारांच्या पेठा आहेत. त्यातल्या सहा शब्दकोड्यात एकाच मापाच्या निघतात. सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार: प्रत्येकीला चार चौकोन, आणि प्रत्येकीचा शेवट 'वा' आणि 'र'. एकटी मंगळवार पेठ पाच चौकोनांची. त्यामुळे 'पुण्यातली पेठ (4)' एवढा क्लू देऊन कोडं रचणारा निवांत झोपतो आणि सोडवणाऱ्याचा सकाळचा चहा गार होतो. बरं, वारांचा नाद सोडावा तर सदाशिव आणि नारायणही चारच चौकोनांत बसायला तयार! दोन चौकोनांची पेठ विचारली तर नाना, रास्ता आणि गंज तिघी एकदम हात वर करतात.

'पुणे विशेष' कोड्यात पुणेकराचं पुण्याबद्दलचं ज्ञान पणाला लागतं, असं वरवर वाटतं. खरी परीक्षा असते ती त्याच्या शुद्धलेखनाची.

बागेतून पुलावर

एक छोटा कोपरा सोडवून पाहू. आडवा शब्द: 'तळ्यातल्या गणपतीकडे आता कोरड्या पायांनी (5)'. उत्तर सारसबाग. हे देऊळ 1784 सालचं, सवाई माधवरावांच्या काळातलं. तेव्हा भोवती तळं होतं. पुढे तळं बुजलं, बाग राहिली आणि गणपती 'तळ्यातला' तो 'तळ्यातला'च राहिला.

सारसबागेच्या 'बा'वरून उभा शब्द खाली सोडायचा: 'दुपारी एक ते चार दुर्मीळ (5)'. बाकरवडी, दुसरं काय? मात्र चितळ्यांनी 2017 मध्ये दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली आणि पुण्यावरच्या निम्म्या विनोदांबरोबर हा क्लूही शिळा झाला. कोडं रचणाऱ्यांनी याबद्दल निषेध नोंदवायला हवा होता.

आता बाकरवडीच्या शेवटच्या 'डी'वरून आडवा: 'नावात लाकूड, अंगात नाही (5)'. लकडीपूल. कागदोपत्री संभाजी पूल, पण रिक्षावाल्याला लकडी पूलच सांगायचा असतो. त्याच्या शेवटी 'ल' आहे म्हणून 'अमृततुल्य' वरून आणून तिथं टेकवायला जाल तर फसाल. अमृततुल्याच्या शेवटी 'ल्य' आहे. चहावाला फरक पडू देणार नाही, चौकोन देणार नाही म्हणजे नाही.

या पुलातला 'पू' दीर्घ आहे, हेही लक्षात ठेवा. 'नदीवर दीर्घ, पुस्तकावर ह्रस्व (2)' असा क्लू आला तर पहिला पूल आणि दुसरे आपले पु. ल.

एका चौकोनात किती मावतं?

इंग्रजी कोड्यात एका चौकोनात एक लेटर. आपल्याकडे एका चौकोनात आख्खं अक्षर बसतं, काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर अशा सगळ्या सामानासकट. महाराष्ट्र इंग्रजीत लिहायला अकरा घरं लागतात, मराठीत चारात आटोपतं: म, हा, रा, ष्ट्र. पुणे तर दोनच घरांचं.

गंमत म्हणजे संगणकाला हे पटत नाही. 'स्त्री' आपल्याला एक चौकोन. युनिकोडच्या हिशेबात मात्र तिथं सहा चिन्हं दडलेली असतात: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. म्हणून इंग्रजीसाठी बनवलेलं कोडं रचायचं सॉफ्टवेअर मराठीवर चालवलं की ते एका बाईला सहा खोल्या देऊन मोकळं होतं.

अक्षर एवढं भरगच्च असल्यामुळे मराठी शब्द आखूड आणि एकमेकांत गुंतवायला अवघड. 'पाणी' आणि 'पाणिनी' एकमेकांना 'पा'वर छेदू शकतात, पुढच्या घरात नाही. वेलांटी आड येते.

उलटसुलट वाचायची वाक्यं लहानपणी सगळ्यांनीच म्हटलेली असतात. 'रामाला भाला मारा' चौकोनांत भरून पाहा, दोन्हीकडून बिनचूक. आता 'चिमा काय कामाची' भरा. सुरुवात 'चि'नं, शेवट 'ची'नं. कानाला चालली, चौकोनात नापास!

ग्रह एकटा असला की दीर्घ

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम 1962 मध्ये सरकारनं स्वीकारले, 1972 मध्ये त्यात चारांची भर पडली. शाळेत या नियमांनी छळलं असेल, पण कोड्यात ते जीव वाचवतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, समासात मात्र मूळचा ह्रस्व ह्रस्वच राहतो. म्हणजे एकटा असताना रवी, शनी आणि गुरू. वाराला चिकटले की रविवार, शनिवार आणि गुरुवार. 'एक ग्रह (2)' या क्लूचं उत्तर 'गुरू' म्हणून भरलं आणि त्याच 'रू'वरून गुरुवार पेठ नेऊ पाहिली की गाडी अडलीच.

नियमांच्या आधीचं एखादं जुनं कोडं हाती लागलं तर आणखी मजा. तेव्हा नांव, पुणें, केळें असे न उच्चारायचे अनुस्वार डोक्यावर घेऊन शब्द चौकोनांत शिरायचे. आज त्यावर सरळ चूक म्हणून फुली बसेल.

दोन उत्तरं, दोन्ही बरोबर

शब्दकोड्यांच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला चावटपणा 5 नोव्हेंबर 1996 रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आला. त्या दिवशी अमेरिकेत अध्यक्षपदाचं मतदान होतं. जेरेमाया फॅरेल यांच्या कोड्यात निवडून येणाऱ्याचं नाव भरायचं होतं. क्लिंटन भरलं तरी बसायचं, बॉब डोल भरलं तरी बसायचं. इंग्रजीत दोन्ही सात अक्षरी, आणि छेदणारा प्रत्येक क्लू दोन्हीकडून खरा. हॅलोविनचा काळा प्राणी विचारला होता: मांजर म्हणा किंवा वटवाघूळ, इंग्रजीत फरक एकाच अक्षराचा. पेपरवाल्यांनी निकाल आधीच छापला म्हणून वाचक खवळले होते म्हणे.

आपल्या पेठांत हे जमेल का? जमतं! वहीत आखून घ्या.

आडवा: 'पुण्यातली पेठ, एरवी सुट्टीचा दिवस (4)'.
पहिल्या घरात संपणारा उभा: 'सलूनच्या फरशीवर सापडेल (2)'.
दुसऱ्या घरातून निघणारा उभा: 'लग्न म्हटलं की हा हवाच (2)'.

शनिवार भरलात तर फरशीवर केश आणि लग्नाला निधी. रविवार भरलात तर फरशीवर केर आणि लग्नाला विधी. मुलीच्या बापाला विचाराल तर तो शनिवारच भरेल.

कोडं थेट सुप्रीम कोर्टात

कोडं हा एकेकाळी घसघशीत पैशांचा मामला होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे प्रवेश फी भरून कोडी पाठवायची आणि हजारोंच्या बक्षिसांकडे डोळे लावायचे, असं वेड देशभर होतं. मेख अशी, की क्लूला दोन शब्द सारखेच लागू पडायचे आणि 'बरोबर' कुठला ते आयोजकाच्या सीलबंद पाकिटात असायचं. डोकं कितीही चालवा, शेवटी अंदाजच.

मुंबई सरकारनं 1948 मध्ये यावर कर आणि परवाने लावले. मग 1955 मध्ये संसदेनंच कायदा केला: महिन्याला एकूण हजार रुपयांवर बक्षीस नाही आणि एका स्पर्धेला दोन हजारांवर प्रवेशिका नाहीत. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या 'आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्स'नं कोर्ट गाठलं. 9 एप्रिल 1957 रोजी सुप्रीम कोर्टानं दोन निकाल दिले. असली कोडी हा जुगार, त्याला व्यापाराचं संरक्षण नाही. मात्र जिथं खरं कौशल्य लागतं त्या स्पर्धांना हा कायदा लागू नाही. मोबाइलवरची रमी आणि फँटसी क्रिकेट यांच्या खटल्यांत 'कौशल्य की नशीब' हा वाद निघाला की वकील आजही याच निकालांचा आधार घेतात. रमीचा पूर्वज शब्दकोडं, हे घरातल्या आजोबांना सांगू नका.

हत्तीला 'करी' कोण म्हणतं?

फक्त कोडी सोडवणारे. वायस, तोय हे शब्द बोलण्यातून हद्दपार झाले तरी चौकोनांत सुखात नांदतात. हा सगळा अमरकोशाचा आशीर्वाद. त्यातली खास फसवी जोडी अनल आणि अनिल. पहिला अग्नी, दुसरा वारा. मधल्या घरात 'न' की 'नि' यावर सगळं ठरतं.

अडलं तर कोश उघडायचा, आणि त्याबाबतीत पुण्यानं कसर ठेवलेली नाही. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश इथलाच, 1932 ते 1938 या काळात सात खंडांत निघालेला. डेक्कन कॉलेजातला संस्कृत कोश मात्र जरा धीरानं घ्या. ते काम 1948 मध्ये सुरू झालं, पहिला भाग 1976 मध्ये आला आणि अजून 'अ'च चालू आहे. आजचं कोडं त्याच्या भरवशावर ठेवू नका.

सातासमुद्रापार, धावत

पहिलं कोडं 21 डिसेंबर 1913 चं, आर्थर विन यांनी न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये छापलेलं, आकार शंकरपाळ्याचा. नाव होतं 'वर्ड-क्रॉस'. पुढे छापताना शब्द उलटे पडले आणि तेच रूढ झालं. न्यूयॉर्क टाइम्सनं 1924 मध्ये या नादाची टर उडवली आणि 1942 मध्ये मुकाट्यानं स्वतःचं कोडं सुरू केलं. लंडनच्या डेली टेलिग्राफच्या कोड्यांत 1944 मध्ये, नॉर्मंडीच्या स्वारीच्या तोंडावर, यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड असे गुप्त सांकेतिक शब्द एकामागून एक आले. कोडी रचणारे लेनर्ड डॉ हे शाळामास्तर. हेरखात्यानं त्यांची कसून चौकशी केली, हाती काही लागलं नाही.

जाता जाता

मुळा: 'कोशिंबिरीत आणि संगमावर (2)'. मस्तानी: 'बाजीरावाची होती, आता ग्लासात (3)'. पाषाण: 'दगडी उपनगर (3)'. हडपसर: 'आधी हाकललं, मग ऐसपैस हो म्हणाले (5)', म्हणजे 'हड' आणि 'पसर'.

शेवटचा तुमच्यासाठी: 'एकाच उपनगरात गडगंज संपत्ती आणि खिशात फुटकी (5)'. कात्रजच्या बाजूला शोधा. उत्तर उद्याच्या अंकात मिळणार नाही, तेव्हा पेन्सिल घ्या.